सिफिसनं घड्याळ पुढं केलं

...आणि वर तो रेडिओवाला लाडात येऊन सांगतो, ‘चला, आज एक तास जास्त झोपा!’ झोपा काय झोपा, मेल्या! तुझ्या त्या जास्तीच्या तासात माझ्या जावयाचं नाक मोडलं, विहिणीच्या भावाचे दात पडले, आणि माझ्या नवऱ्याच्या टाळक्यात अख्खी लीरा फुटली, चांगली अक्रोडाच्या लाकडाची, वाजवायची लीरा! आणि कशापायी? एका तासापायी!

तसं माझं त्या तासाशी वैर नाही हं. खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात घड्याळ पुढं गेलं की संध्याकाळ कशी लांबते, तुतीखाली निवांत बसावं, तरी उजेड आहेच... छान वाटतं. पण वसंतात तो तास आमच्या झोपेतून काढून घेतात ना, तेव्हा बकरीला कोण समजावणार? तुम्ही सांगा तिला, ‘बाई, अथेन्सहून हुकूम आलाय, आजपासून तासभर आधी दूध दे!’ लाथ घालते, लाथ!

आमच्या सिफिसनं, माझ्या नवऱ्यानं, तर पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, ‘जर्मन आले, गेले. लष्करातले कर्नल सत्तेवर आले, तेही गेले. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला कुणी हात लावला नाही, आता हे कोण लागून गेले?’ झालं! उन्हाळाभर सगळं क्रीट बेट तासभर पुढं आणि आमचं घर मागं. बस चुकली, डॉक्टर चुकला, माझ्या सख्ख्या मावशीला पुरायला गेलो तर लोक कॉफी पिऊन परत निघालेले! ‘अरे सिफिस, लोक हसतात!’ ‘हसू दे. येतीलच झक मारत माझ्या वेळेवर!’ आणि यायचे की हो! द्राक्षं काढून झाली की सरकार घड्याळ मागं न्यायचं, आणि हा कॉफीच्या दुकानात मिशीला पीळ देत सगळ्यांना राकी पाजायचा, जसं काही अथेन्सनं याच्या पायाशी तलवार ठेवलीय!

तर नेमकं घड्याळ मागं जायच्या रविवारी आमच्या पोरीचं, रोदांथीचं लग्न. म्हटलं, देव पावला! आज देशाचं घड्याळ आणि आमचं घड्याळ एक. आज मनातल्या मनात तास मिळवायला नको, काही नको. त्या दिवशी मी त्या घड्याळावर डोळे झाकून विश्वास टाकला... तिथंच मेले!

विहीणबाईंचा, म्हणजे इव्हांथियाचा, निरोप होता, लग्न अकराला, वरच्या गावात. अकराला आमचा ट्रक चर्चपुढं हजर. मागं पाहुणे, पुढं पांढऱ्या झग्यात माझी पोर... आणि चर्चला कुलूप! पाद्रीबाबा नाहीत, फुलं नाहीत, नवरदेव नाही. पायरीवर एक कुत्रं होतं, आमची वरात बघून तेही उठून गेलं.

रोदांथी माझ्याकडं वळली. ‘आई, त्यानं विचार बदलला का गं?’ एवढंच म्हणाली.

आता तुम्हाला सांगते, सिफिसच्या आत्याला याच वरच्या गावातल्या एकानं असंच चर्चच्या दारात उभं ठेवलं होतं. त्यावरून माणसं मेलीत दोन्हीकडची! हे लग्न म्हणजे त्या वैरावर टाकलेली माती होती हो... आणि ती माती माझ्या डोळ्यांदेखत उकरली जात होती. सिफिस त्याच्या भावाला म्हणाला, ‘बंदूक काढ.’ बंदूक आणलेली लग्नात आकाशात बार काढायला! पण आता आकाशाकडं बघतंय कोण?

लेफ्तेरिसच्या, आमच्या जावयाच्या, घराचं दार सिफिसनं लाथेनं उघडलं. आत बघतो तर काय, नवरदेव बनियनवर! तोंडाला फेस, न्हावी वस्तरा घेऊन उभा, मावसभाऊ लीरा वाजवताहेत, गाणी म्हणताहेत. अहो, रीतच आहे, लग्नाआधी नवऱ्याची दाढी गाण्याबजावण्यात करायची. पण सिफिसला रीत दिसली नाही, बनियन दिसलं!

‘माझी पोर दारात आणि तू इथं गाणी ऐकतोस?’ म्हणून मानगूटच धरली. न्हाव्याचा हात सटकला आणि नवरदेवाची अर्धी मिशी खाली! क्रीटमध्ये मिशी, हो! ‘मिशी गेली!’ असा टाहो फुटला, जसं मुंडकंच गेलं. सिफिसची बुक्की नाकावर, मावसभावाची लीरा सिफिसच्या डोक्यात, दिराची गोळी छताला, आणि छताचा पोपडा थेट लग्नाच्या भातात! ‘माझा भात!’ इव्हांथिया पळी घेऊन धावली आणि दिसेल त्याला हाणत सुटली, त्यात तिच्याच भावाचे दात गेले. मी आपली सोडवायला गेले, तर कुणीतरी माझे केस ओढले. वळून बघते तर विहीणबाई! मग मी काय गप्प बसते? मीही धरली तिची वेणी. आणि कशापायी? एका तासापायी!

तेवढ्यात रोदांथी आत आली. दिराच्या हातातली बंदूक हिसकली आणि दस्ता घातला बापाच्या पाठीत, दुसरा नवऱ्याच्या! पक्षपात नाही.

‘किती वाजले?’ केवढ्यानं ओरडली!

‘साडेदहा,’ लेफ्तेरिस नाक धरून म्हणाला. ‘लग्न बाराला आहे गं, राणी...’

‘अकराला!’ मी.

‘बाराला,’ इव्हांथियानं पळी खाली ठेवली. ‘तुमचा माणूस कायम तासभर मागं. म्हणून मी तुम्हाला तासभर आधीची वेळ कळवली.’

‘अगं, पण अकरासुद्धा वाजले नाहीत अजून! मग आम्ही आलो कसे?’

सगळ्यांनी सिफिसकडं बघितलं. तो भिंतीला टेकून बसलेला, कपाळावरून रक्त. हळूच म्हणाला, ‘काल संध्याकाळी मीच पुढं केलं घड्याळ. म्हटलं, पोरीची लाज जायला नको. एकदा तरी... सरकारचं ऐकावं.’

ऐकलंत? ज्या रात्री सरकार सिफिसच्या वेळेवर आलं, त्याच रात्री सिफिस सरकारच्या वेळेवर गेला! इतक्या वर्षांचा हट्ट पोरीसाठी मोडला, आणि तोही चुकीच्या दिवशी.

रोदांथी तिथंच खाली बसली आणि डोक्यावरच्या जाळीदार कापडानं बापाचं रक्त पुसायला लागली. ‘बाबा, मला तरी सांगायचंत...’ लेफ्तेरिस उठला, खुर्चीत बसला, न्हाव्याला म्हणाला, ‘उरलेली पण काढ.’ ते बघून सिफिस उठला. ‘त्याची झाली की माझी,’ म्हणाला. अहो, बाप मेला तेव्हाही न उतरवलेली मिशी! इव्हांथिया रडता रडता हसायला लागली, आणि मग आम्ही दोघींनी मिळून भातातला चुना वेचला.

आणि सांगते, बाराच्या ठोक्याला लग्न लागलं! मारामारी करूनही वेळेवर! फोटोत बघा, नवऱ्याचं नाक वांग्यासारखं, सासरा-जावई दोघंही सोललेल्या अंड्यासारखे, पण माझी पोर... हसतेय.

आता म्हणे युरोपातले मोठे लोक हे पुढं-मागं बंदच करणार, एकच वेळ बारा महिने. मी आनंदानं सिफिसला सांगायला गेले, तर त्यानं तोंड एवढंसं केलं. म्हणाला, ‘मग उन्हाळाभर मी भांडू कुणाशी?’

म्हटलं, ‘मी आहे की.’