करंगळी अडते

डोळ्यांच्या दवाखान्यात जाळी विणणारी म्हातारी नंबरची वाट बघत बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे समोरचं सगळं धूसर झालं होतं. पाठीमागच्या बाकावर दोन मच्छीमार बोलत होते. आवाज तिच्या ओळखीचे होते.

"यंदाही होडी रिकामीच आली."

"येईल रे मासा. माझ्या लहानपणी सहा वर्षं गायब होता. पाणी तापलं की जातो, निवलं की परततो."

"परतायला पिल्लं उरली होती तेव्हा. जाळ्याच्या भोकातून तीन बोटं जायची. आता करंगळी अडते."

"मोठा मासा मिळेना म्हणून आपणच भोकं बारीक करून घेतली ना!"

"विणणारी नको नको म्हणत होती."

"म्हणाली, पण विणलीच ना?"

"मग यंदा तू मोठ्या भोकांचं घे."

"म्हणजे माझ्याकडून सुटलेली पिल्लं तुझ्या जाळ्यात? आधी तू घे."

तेवढ्यात तिला आत बोलावलं.

"आजी, डोळ्यांना एवढा ताण कशानं पडला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बारीक विणकाम करत होते."

"अजून करता?"

"नाही हो. आता सून विणते. माझ्याहूनही बारीक."