शुद्ध मराठीचा ब्राउझर

"हॅलो? … हां वहिनी, बोल. … थांब, बाहेर येते, आत कॉम्प्रेसर चालू आहे… हां. आता बोल."

वर्षाराणी जिन्यात येऊन पायरीवर टेकली. चिंचवडच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत तिचं काम कंपन्यांकडून येणारी मोजमापाची उपकरणं तपासायचं. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाल्यापासून कुठलीही गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. फोन कुरुळीहून होता, साधनावहिनीचा. आणि वहिनीची आज फोर्कलिफ्ट, म्हणजे कारखान्यात माल उचलणारी गाडी, चालवायच्या कोर्सची ऑनलाइन परीक्षा होती.

"उघडली का लिंक? … म्हणजे काय, उघडत नाही? … काय लिहून येतंय? वाच बरं. … 'या ब्राउझरमध्ये परीक्षा चालणार नाही.' एवढंच ना? … अगं, मग रडतेस कशाला! … नाही, तुला नाही म्हणालेत, ब्राउझरला म्हणालेत. … ब्राउझर म्हणजे तू ज्याला नेट म्हणतेस ना, ते खालच्या पट्टीवरचं पहिलं चित्र. … हो, तेच. ओमदादाने लॅपटॉप आणला तेव्हापासून तू त्याच्याच दारातून ये-जा करतेस. दुसरं दार आहे शेजारी, त्यातून जायचं. …

"नाही गं, काही जात नाही. … ऐक ना. … अगं ऐक ना! जुना तिथेच राहतो, कुठे पळत नाही. … तुझे पासवर्ड पण येतात, बुकमार्क पण येतात. नवा उघडला की तोच विचारेल, जुन्यातलं आणू का म्हणून. हो म्हण. … हो, मी पण सात-आठ वर्षं एकच वापरते, मला पण जिवावर येतं. पण आज सवयीचा दिवस नाही, वहिनी. आजची परीक्षा चुकली तर ही बॅच गेली. पुढची कधी लागेल, लागेल का, कोणाला माहीत? … मग? परत पॅकिंगला उभं राहायचंय का दिवसभर? … नाही ना? मग दाब.

"कोण बोलतंय मागे? आई? … काय म्हणतेय? … 'बाईमाणसानं असली गाडी हाकायची व्हय?' … तिला म्हणावं, गोजाबाई, तुमच्या सुनेला फोर्कलिफ्टवर बघायला आधी तिकीट काढा. … हसली? बघ. ती वरवर बोलते तशी. … दाबलंस? आलं सगळं? … छान. आता परीक्षेचं पान उघड.

"उघडलं! … बघितलंस, किती सोपं होतं. … आता काय झालं? … वहिनी? … सगळं इंग्रजीत? … नाही, असं कसं होईल, थोडं खाली सरकव. … धड्यांचं पान पण? … सगळेच्या सगळे धडे? … थांब. एक मिनिट. जुन्यात ते मराठीत होते ना? … कोर्सच मराठीत होता म्हणतेस. … बरं. मला जुन्यातलं एक वाक्य वाचून दाखव. उघड जुना. कुठलंही वाक्य चालेल.

"'कोपऱ्यावर पोहोचताच शिंग वाजवा.' … परत वाच. … शिंग? … अजून एक वाच. … 'लोडिंग खाडीमध्ये उद्यान करू नये.' … नाही, मी हसत नाहीये. … खोकला आहे. … पुढचं वाच ना. … 'पार्किंग विश्रांतीसाठी अर्ज करावा.' …"

वर्षाराणीने तळहाताने तोंड दाबलं. जिन्यातून वर जाणाऱ्या चहावाल्याने वळून पाहिलं, तशी तिने हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं.

"अर्ज कोणाकडे करायचा ते तू मला विचारणारच होतीस? … अगं वहिनी, तो अर्ज नाही! तो ब्रेक आहे, हँडब्रेक! गाडी उभी केली की ब्रेक लावा, एवढंच म्हणायचंय त्यांना. … खाडी म्हणजे माल चढवायची जागा, आणि उद्यान म्हणजे पार्क, गाडी उभी करणं. … शिंग म्हणजे हॉर्न. तुमच्या शेडमध्ये ड्रायव्हर मारतात तोच. … हो, तोच! … ऐक, काय झालंय ते सांगते. पान मुळात इंग्रजीतच आहे. जुन्या ब्राउझरला कोणीतरी सांगून ठेवलं असणार, इंग्रजी दिसलं की मराठी कर. ओमदादाच असणार. आणि तो बिचारा शब्दाला शब्द बदलत बसला. तुला कधी दाखवलंच नाही त्याने, खालचं खरं काय आहे ते. …

"पण तुला शंका नाही आली? शिंग वाजवा म्हटल्यावर? … काय वाटलं? … 'शुद्ध मराठी असंल.'"

आता मात्र ती हसली नाही. वीजबिलाच्या मागची बाजू, बँकेच्या सूचना, शाळेची परिपत्रकं तिला आठवली. त्या मराठीत वाढलेल्या माणसाला शिंग तरी वेगळं का वाटावं?

"नाही, तू वेडी नाहीस. … खरंच सांगते. मलाही सरकारी पत्र तीनदा वाचावं लागतं. … वाया कसं जाईल? … वहिनी, वहिनी, ऐक. रडू नकोस, चष्मा ओला होईल, मग अजिबातच दिसणार नाही. … मी तुला विचारते, तू सांग. पुस्तकातलं नको, तुझ्या भाषेत सांग. चालेल? … तपासून बघू ना. काय काय डोक्यात गेलंय ते तपासल्याशिवाय कसं कळणार?

"माल उचललाय आणि चढावर जायचंय. तोंड कुठे? … चढाकडे. बरोबर. आणि मालासकट उतरायचं असेल तर? … रिव्हर्स घेत. का? … 'माल कायम वरच्या अंगाला पाहिजे, न्हाईतर पुढं कलंडंल.' शाब्बास. … थांब, अवघड विचारते. गाडी उलटायला लागली. उडी मारशील? … का नाही? … धरून बसायचं आणि पडते त्याच्या उलट बाजूला झुकायचं. बरोब्बर! … मास्ट मागे झुकवायचा कधी? … तुझ्या धड्यात डोलकाठी लिहिलंय? हां, तीच. … माल उचलल्यावर, निघायच्या आधी. अगं, त्या डोलकाठीला मास्ट म्हणतात, समोरचे ते दोन उभे खांब. … हो, ज्यावर काटे वर-खाली होतात. बघ, म्हणजे तुला सगळं येतंय. फक्त नावं दुसऱ्याच गावची लागली होती. …

"आता नावांचं. किती वेळ आहे? … पुष्कळ आहे. नव्या ब्राउझरमध्ये जा परत. मी सांगणार होते की तिथेही भाषांतर चालू करू, पण नको. त्याआधी मला एक बघायचंय. पानाच्या अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, काही आहे का? … लहानसं. … इंग्लिश लिहिलंय आणि बाजूला खाली बाण. … त्या बाणावर दाब. काय काय आलं? … हिंदी… आणि? … आहे? मराठी आहे?

"तुला जुन्यात पण दिसायचं ते? … मग दाबलं का नाहीस कधी? … बरोबर आहे गं बाई, पान आधीच मराठीत दिसतंय तर मराठी कशाला दाबशील! … दाब आता. … वाच.

"'वळणावर हॉर्न वाजवा.' … पुढे. … 'माल चढवण्याच्या जागेत गाडी उभी करू नका.' … पुढे! … 'हँडब्रेक लावा.' … अगं, माणसाने लिहिलंय हे! कुणीतरी बसून, विचार करून लिहिलंय. … हो. तुमच्या शेडमध्ये बोलतात तसंच. … मला काय विचारतेस, तूच सांग, कळतंय का? … सगळं? … परीक्षा पण त्याच भाषेत येणार, वर मराठी निवडलेलं राहू दे म्हणजे झालं.

"आईने दार का लावलं? … शेजारची कस्तुराकाकू आलीय? … 'सून परीक्षेला बसलीया, उद्या ये' असं म्हणाली? आई? आपली आई? … घ्या. आता तुला नापास व्हायची सोयच राहिली नाही. … नाही, ओमदादाला फोन नको करूस, तो कंपनीत लाइनवर कामाला असेल. संध्याकाळी सांग. भाषांतराचं पण सांग त्याला, मला त्याचं तोंड बघायचंय.

"काय आलं आता? … कॅमेरा वापरू का विचारतोय? परवानगी दे. … हो, माइकला पण दे. जुन्यात दिली होती, पण हा नवा आहे, याला परत द्यावी लागते. … हे पण दाब. … वहिनी, अगं, प्रत्येक बटणाला मला विचारलं पाहिजे असं नाही. … दिसतेस का त्यात? … पदर नीट आहे. मी न बघता सांगते, नीट आहे. … फोन लांब ठेवा म्हणतोय? ठेव, पण आत्ता नको. आधी सूचना वाचून दाखव मला, मग मी सांगते कुठे दाबायचं… काय? … कळल्या? सगळ्या कळल्या? … असू दे, तरी एकदा मोठ्याने वाच, एखादी राहिली असेल तर… वहिनी? … अगं थांब, मी सांगेपर्यंत सुरू नको ना करूस… हॅलो? … हॅलो, वहिनी?"

रेंज गेली असेल म्हणून वर्षाराणीने मोबाइलकडे पाहिलं. पट्ट्या पूर्ण होत्या. फोन वहिनीनेच ठेवला होता. पुन्हा लावायला तिने नावावर अंगठा नेला, आणि न लावताच मोबाइल खिशात टाकून ती आत कामाला गेली.