काटी काढली त्या दिवशी

माझा जन्म सूर्यमाळचा. वर डोंगरावर, जिथं होळी झाली का बाईच्या डोक्यावरचा हंडा खाली उतरत नाय, तिथला. लगीन झालं नि मी जामसरला आले. नवऱ्याच्या घरी भात व्हता तो पुरायचा थोडे महिने, मग नागली, मग तीपन नाय, मग दोघं जव्हारला मजुरीला. तेव्हा राजाचं राज व्हतं. लोकांना फिरायला म्हनून गावात बाग बांधत व्हते. नवरा दगड फोडी, मी माती वाही, नि पोरगी बुधी, नुकती रांगायला लागलेली, तिला झोळीत घालून आंब्याला बांधायची. झोळीखाली आमचा कुत्रा बसायचा, काळ्या. कोनाला झोळीला हात लावू देत नसे, माझ्या सासूलापन नाय. सासूनं त्याला एकदा चुलीतलं लाकूड फेकून मारलं व्हतं, ते त्यानं मरेपर्यंत धरून ठेवलं, पन ते जाऊ दे.

तर त्या बागेवर एक कारभारी व्हता, कुठनं तरी बाहेरनं आनलेला. नाव नाय घेत मी त्याचं, तोंड विटाळतं. उंटावरचा शहाना मेला. पायात करकरनारे जोडे, हातात छत्री, ऊन नसलं तरी छत्री. त्यानं आधी काय केलं, तर गुलाबाच्या रोपांना बांबूचं कुंपन घातलं, चांगलं घट्ट, आमच्याच मानसांकडनं विनून घेतलेलं. नि चुना भिजवायचा खड्डा, मानूस बुडेल एवढा, आंब्याच्या अंगाला, येत्याजात्या वाटेवर, तो उघडा. काय सांगू बाई तुमाला, भिजलेल्या चुन्यावर पापडी धरते, पांढरी, कोरडी, वाटतं सारवलेलं अंगनच हाय, नि खाली सगळी आग. संध्याकाळी गावची मानसं पोरं घेऊन यायची बाग बघायला, त्यांच्यामागं कुत्री यायची, शेळ्या यायच्या. नवरा म्हनला, रावसाहेब, खड्ड्याला कुंपन घाला, कोनाचं तरी पोर जाईल. तर हा म्हनतो, ज्याचं पोर त्यानं सांभाळावं, बांबू गुलाबापुरताच हाय. गुलाबापुरताच! थू त्याच्या गुलाबावर.

मग आमी बायकांनी आमची रीत केली. आमच्याकडं राबाच्या जागी भाताचं रोप वाढायला लागलं का भोवती करवंदीच्या काटेरी फांद्यांची काटी लावतात. काटी आडवी दिसली का वाट बंद, हे आमच्यात कोनी कोनाला शिकवत नाय. गुरांना कळतं, रांगतं पोर एकदा हात टोचून घेतं नि त्यालापन कळतं. नि काटी नाय तिथनं खुशाल जावं, हेपन त्याच्यातच आलं. कामावर येताना आमी डोक्यावर काटी आनली, खड्ड्याभोवती टाकली. काळ्यानं नाक लावून बघितलं, टोचलं, केकाटला, नि मग रोज लांबनं वळसा घालून जायचा. कुत्र्याला कळलं, कारभाऱ्याला नाय कळलं.

एक दिवस बाग बघायला पाहुने यायचे व्हते. कारभारी सकाळीच आला, काटी बघितली, नि वरडला, हा उकिरडा कोनी केला इथं? शिपायाकडनं सगळी काटी उचलून टाकली नि तिथं दोरी बांधली, दोरीला लाल-पिवळ्या कागदाच्या पताका. दोरी बांधली ती मानसाच्या कमरेएवढी! कुत्रं कमरेएवढं असतं का हो? मी म्हनलं, रावसाहेब, दोरीखालनं पोर जाईल. तर म्हनतो, तुमच्या पोरांना वळनच नाय. वर शिपायाला हुकूम, मजुरांची कुत्री हाकलून द्या, पाहुन्यांना त्रास नको. त्याच्या बायकोचंपन कुत्रं आलं व्हतं, पांढरं, एवढुसं, गड्याच्या कडेवर. तिच्या कुत्र्याला सांभाळायला गडी, नि माझ्या पोरीला सांभाळायला कुत्रा, तर तोच हाकलला.

शिपायानं धोंडे मारले. काळ्या पार बागेच्या टोकाला पळाला. नि इकडं बुधी जागी झाली, रडायला लागली. मी डोक्यावर पाटी घेऊन चढनीवर व्हते, मला ऐकू आलं, त्यालापन आलं. सरळ निघाला तो झोळीकडं. काटी नव्हती ना. त्याला वाटलं, वाट मोकळी झाली. पताकांखालनं गेला नि पापडी फुटली.

नवरा धावला, त्यानं गुलाबाच्या कुंपनाचा बांबू उपटला, तो आत घालून काळ्याला वढून काढला. अंगाला तेल चोपडलं, सगळं केलं, जीव वाचला, डोळे गेले. नि कारभारी करकरत आला नि काय विचारतो, चुना नासला का? कुंपन कोनी मोडलं? शेळी जाते जिवानिशी नि खानारा म्हनतो वातड! मी पाहुन्यांच्या देखत बोलले त्याला, माझी पोर गेली असती तर तेव्हापन चुनाच नासला म्हनला असतास ना रं? पाहुने गुलाब बघायला वळले. दुसऱ्या दिवशी आमाला कामावरनं काढलं, नि बागेच्या तोंडाशी पाटी लावली म्हने, कुत्र्यांना बंदी. वरातीमागून घोडं, तेपन लंगडं. खड्डा तसाच उघडा.

तो चुना फेकला नाय बरं का. काळ्याच्या केसांसकट बैलाच्या घानीत मळला नि बागेत बसायचा कट्टा बांधला. आमच्याच मानसांनी सांगितलं.

काळ्या पुढं पुष्कळ जगला. बुधी चालायला लागली ती त्याची शेपटी धरून, नि मोठी झाल्यावर तीच त्याला दोरी धरून ओढ्यावर न्यायची. तिची पोरगी आता तुमच्या शाळेत येते, तीच ती, बडबडी.

राज गेलं, कारभारी गेला, गुलाब तर त्याच उन्हाळ्यात वाळले. कट्टा हाय. नात त्याच्यावर बसून बोरं खाते, म्हनते, आजी, तूपन बस. मी नाय बसत. मी हात फिरवते नि म्हनते, बस गं बाय, खुशाल बस, तुझ्या आईचा राखनदार हाय तो.

बरं, आता एक ऐका. तुमच्या शाळेला नवी खोली बांधतायत, पायाचा खड्डा खनलाय, काल मी बघून आले. दोरी लावलीय! शिकलेली मानसं, नि दोरी लावतात. काटी तोडून ठेवलीय मी, ती बघा दाराशी. लिहायचं पुरं करा नि उठा, पोरं शाळेला यायच्या आत लावून येऊ.