नानांच्या उरलेल्या गोळ्या

मंडळी, ऐका. आधी प्रश्न ठेवतो, मग पायरीपायरीने उत्तराकडे जातो. मेलेल्या माणसाला भूक लागते का? पुढे बसलेले काका नकारार्थी मान हलवताहेत. हलवा, पितृपक्षात पान वाढताना ही मान कुठे असते, ते काकूंना ठाऊक आहे.

गावाच्या कडेला हौसाक्का राहत असे. सत्तरी ओलांडलेली, एकटी. शिंदीच्या केरसुण्या बांधून बाजारात विकायची. अलीकडे तिला चक्कर येई. दवाखाना तालुक्याला, जायचं तर दिवस बुडतो, आणि दिवस बुडाला की चूल पेटत नाही. म्हणून ती गेली नाही. तेवढ्यात शेजारचे बाबाजीनाना वारले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने, सुंदराबाईने, त्यांची छत्री, वहाणा आणि औषधांची पिशवी हिच्यापुढे ठेवली.

“साखरेच्या आजाराच्या गोळ्या आहेत, आक्का. त्यांनाही चक्करच यायची. टाकवत नाहीत.”

“टाकतेस कशाला? माझा देह काय वेगळ्या मातीचा आहे?”

झालं. रोज सकाळी कोरा चहा आणि एक गोळी. भाकरी दिवसाला एकच. ती दुपारनंतरसाठी राखलेली.

चौथ्या दिवशी, टळटळीत उन्हात, केरसुणी बांधताना तिचे हात थरथरू लागले. दरदरून घाम सुटला – आणि घाम गार! रस्त्यापलीकडे, चिंचेजवळ नाना उभे. चिंचेला सावली होती, नानांना नव्हती. तोंडाशी बोटं नेऊन ते काही मागत होते.

आपण त्यांच्या गोळ्या खातो, म्हणून ते उपाशी राहिले – हौसाक्काने असा अर्थ लावला. तिने अर्धी भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवली. तासाभराने पाहते, तर भाकरी नाही.

दुसऱ्या दिवशी नाना अंगणात होते. तिसऱ्या दिवशी पायरीवर. मंडळी, अंतर मोजत चला. ती जितकं जास्त वाढी, तितके ते जवळ येत. शेवटी तिने अख्खी भाकरी ठेवली, आणि नाना आत येऊन तिच्या चटईवर, गुडघ्याला गुडघा लावून बसले.

“आता काय हवंय, नाना?” जीभ जड झाली होती.

नानांनी तिच्याकडेच बोट दाखवलं.

हौसाक्का आडवी झाली. विझत्या नजरेला उंबऱ्यावर एक हात दिसला. हाडकुळा, सुरकुतलेला. त्याने भाकरी उचलली, आणि तो थबकला.

“आक्का?”

तो हात सुंदराबाईचा होता. तिने कपाळाला स्पर्श केला मात्र, भाकरी खाली पडली. हा गार घाम तिने नवऱ्याच्या अंगावरून बारा वर्षं पुसला होता. ती घरी धावली, नानांसाठी ठेवलेला गुळाचा खडा आणला, चुरून हिरडीला चोळला. पुन्हा चोळला. बऱ्याच वेळाने हौसाक्काने डोळे उघडले. चटईवर तिसरं कोणी नव्हतं.

“सकाळपासून काय खाल्लंस?”

“गोळी.”

“आणि भाकरी?”

“नानांना वाढली. रोज खातात.”

सुंदराबाईने मान खाली घातली. “ते नाही, आक्का. मी खात होते. ते गेल्यापासून माझी चूल कुठे पेटतेय?”

“मग मागायची होतीस की, मेले.”

“तुझ्याकडे तरी कुठे होती?”

मंडळी, हौसाक्काला साखरेचा आजार नव्हताच. तिची चक्कर भुकेची होती. उपाशी देहात परक्याची गोळी गेली, उरलीसुरली साखर उतरली, आणि नाना दिसू लागले. मेलेल्याला भूक लागत नाही. दोन जिवंत म्हाताऱ्या उपाशी होत्या, आणि भिंत एकच होती.

आता तुमच्याकडे वळतो. आपल्या आळीत म्हातारं माणूस एकटंच बडबडलं की आपण म्हणतो, बाहेरचं काही असेल. लिंबू सुचवतो, अंगारा सुचवतो. जेवलीस का, हे किती जणांनी विचारलं? मला सांगू नका; मी उद्या दुसऱ्या गावी असेन.

चला, नाम घेऊ. पण आज डोळे मिटू नका. आपल्या रांगेत कोण आलेलं नाही, ते पाहत पाहत घेऊ.