सागवानी धर्मशाळेतला शालू

इतवारीतल्या एका जुन्या सागवानी धर्मशाळेत आता साड्यांचं दुकान आहे. तिथं बिलाच्या रांगेत शोभाताईंच्या पुढं भीमाबाई नावाची म्हातारी आणि लग्नाचा शालू घेतलेली तिची नात दीप्ती उभ्या होत्या.

"आजी, त्या खांबाकडं काय पाहून राहिली?"

"छप्पन साली धम्मदीक्षेसाठी उमरेडहून पायी आलो होतो आम्ही. मी लहान होती. बापानं इथंच मुक्कामाले जागा मागतली."

"मंग?"

"जात विचारली. ओट्यावरही बसू नाही दिलं."

"अन् तू मले इथंच घेऊन आली? शालू सक्करदऱ्यातही भेटला असता."

"भेटला असता."

"मंग काहून आलो आपण?"

"माडीवरच्या खोलीत नेसून पाहता येते म्हणते. जाय, नेसून ये."

"घरी नेसते ना."

"इथंच नेस. आरामात नेस."

 दीप्ती शालू छातीशी धरून लाकडी जिना चढली.

भीमाबाई मागं शोभाताईंकडं वळल्या. "बाई, तुम्ही पुढं व्हा. आमाले वेळ लागन." आणि गिऱ्हाइकांसाठी अंथरलेल्या पांढऱ्या गादीवर, अगदी मधोमध, त्या मांडी घालून बसल्या.