प्रिंटरमधली पगाराची स्लिप

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याला बोलायची सोय नव्हती. ऐकायची भरपूर होती. शेजारच्या बाकावर एकाच ऑफिसातल्या दोघी होत्या. एकीची दाढ दुखत होती, दुसरी तिच्या सोबतीला आली होती.

"दाढेचं राहू दे गं. पोटात काय दुखतंय ते सांग."

"ती नवी मुलगी, जिला मी काम शिकवतेय, तिची पगाराची स्लिप प्रिंटरमध्ये सापडली. माझ्यापेक्षा जास्त पगार आहे तिला!"

"मग विचार की साहेबांना."

"काय म्हणून विचारू? लेकाचा शाळेचा प्रोजेक्ट ऑफिसात छापत होते, त्यात ही स्लिप आली म्हणून? तोही रंगीत!"

"मग सोडून दे. मी बघ, कुणाच्या ताटात डोकावत नाही."

"तू साधी आहेस गं. मी तर कालपासून तिला सगळं चुकीचंच शिकवतेय."

"अगं, समाधान महत्त्वाचं. बरं, तुला देतात तरी किती?"

दाढवाली तिच्या कानाला लागली. शिंप्यानं कान टवकारले, पण आकडा काही हाती लागला नाही.

"एवढा? तुला?"

"एवढा म्हणजे? तुलाही तेवढाच असेल ना?"

सोबतीण पर्स उचलून उठली.

"अगं, निघालीस कुठं? आता माझा नंबर येईल. माझा हात कोण धरणार?"

"नर्स धरेल. मला साहेबांना फोन करायचाय. तो प्रोजेक्ट रंगीतच होता म्हणालीस ना?"