रंग मागून पाठवतो

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही: घेतलेली वस्तू परत करायची नाही. भवानी पेठेत चादरींचं दुकान असलेल्या घराला ते शोभत नाही म्हणे.

परवा मी शिकवण्यांच्या पैशातून टीव्हीवर खेळायचा एक गेम घेतला. सिनेमापेक्षा जास्त खर्च करून बनवलेला, त्याची जाहिरात बघत मी कधीपासून वाट पाहत होते. सुरू केला, तर माझा योद्धा पहिल्याच दारात कमरेपर्यंत जमिनीत रुतला. पुन्हा सुरू केला, पुन्हा रुतला.

मी म्हटलं, "आजच परत करते. उशीर केला तर पैसे मिळत नाहीत."

अप्पा म्हणाले, "एवढा खर्च केलेली वस्तू वाईट कशी असेल? तुलाच जमत नसेल."

काकांनी कंट्रोलर हातात घेतला. योद्धा रुतला.

"लई भारी काढलाय की," काका म्हणाले. "दाढीचा केसन् केस दिसतोय."

"काका, तो चालत नाहीये."

"कंपनी सुधारून देईल की. थांब महिनाभर."

"आपल्या चादरीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तर गिऱ्हाइकाला असंच सांगता? चादर वापरा, रंग मागून पाठवतो?"

काकांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "पण एवढी मोठी कंपनी, त्यांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे. मी थांबणार नाही," म्हणत मी मोबाइलवरून कंपनीकडे पैसे परत मागितले.

टीव्हीवर योद्धा तसाच, कमरेपर्यंत जमिनीत.